एरा म्हणजे काय?

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर येणार असं ठरलं, त्या दिवसापासून तो माझा आहे असं मी धरून चालले होते. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. डोळ्यांची शिबिरं भरवणारी आमची लहानशी संस्था, चंद्रपुरात तीन खोल्यांचं ऑफिस, आणि तिथे नऊ वर्षं टायपिस्ट म्हणून मीच. डॉक्टरसाहेबांचं वाक्य तोंडातून पुरं व्हायच्या आत माझ्या कागदावर उमटलेलं असे. खोडरबर माझ्या खणात पडून पडून वाळून गेला होता. मग नवीन मशीन दुसऱ्या कोणाचं असणार?

नवीन म्हणजे आम्हाला नवीन. नागपूरच्या एका कारखान्यानं ते वापरून वापरून जुनं केलं आणि त्यांच्याकडे दुसरं आलं म्हणून आम्हाला दान दिलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जीपमध्ये गादीत गुंडाळून ते आलं. फ्लॉपी घालायची दोन तोंडं होती, त्यातलं एक कायमचं मिटलेलं. सोबतचं पुस्तक अर्धंच होतं. तरी आम्ही त्याच्यासाठी आतली खोली रिकामी केली आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. कोणी नारळ आणायला निघालं होतं. आमचं बौद्धांचं घर, नारळ-अगरबत्ती माझ्याच्यानं व्हायची नव्हती; मी माझी एक चांगली निळी साडी फाडून त्याला कव्हर शिवलं. चंद्रपुरात कोळशाची धूळ सकाळी पुसली की दुपारी पुन्हा बोटाला लागते.

शिवाय माझ्याकडे सर्टिफिकेट होतं. रविवारी रविवारी जाऊन मी दोन महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास केला होता. क्लासात मशीन एक आणि शिकणारे तीस, त्यामुळे बरंचसं फळ्यावरच झालं, पण डॉसच्या सगळ्या आज्ञा मला तोंडपाठ होत्या. पहिल्या दिवशी डॉक्टर आणि इतर सगळे मागे उभे राहिले, मी खुर्ची पुढे ओढली आणि COPY असं ठोकलं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: COPY? मी DEL ठोकलं. DEL? माझाच शब्द प्रश्नचिन्ह लावून माझ्या तोंडावर. सासरी पहिल्या दिवशी कोणी आपल्या बोलण्याची नक्कल करावी तसं मला झालं. त्या जुन्या मशीनमध्ये डॉस नव्हतंच. सीपीएम म्हणून त्याच्या आधीचं काहीतरी होतं, आणि त्याची भाषा वेगळी होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो ऊर्जानगरला वीजकेंद्रात, आमचं क्वार्टर तिथलंच. तो जेवता जेवता म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्या दिवशी मी त्याला दुसरी पोळी वाढली नाही.

आता ऑफिसातल्या नव्या मुलीबद्दल. ती आंध्राच्या सीमेवरच्या सिरोंचाची, बावीस-तेवीस वर्षांची, तीनच महिन्यांपूर्वी नोंदी ठेवायला लागलेली. घरी तेलुगू, शाळा मराठी. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही, टायपिंग दोन बोटांनी. तिनं ते अर्धं पुस्तक मागून घेतलं आणि आठवड्याभरात ते मशीन तिचं ऐकायला लागलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा. कव्हर मी शिवलं आणि सकाळी ते काढून घडी घालायची ही! घडीसुद्धा नीट घालायची, त्याचाही मला राग यायचा.

डॉक्टरांनी शिबिराची यादी तिलाच दिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोणत्या गावातून कोण, कोणत्या दिवशी जीपनं आणायचं, सगळं गाववार. मंगळवारी शिबिर. आणि जाता जाता ते म्हणाले, "शिबिर झालं की तुमच्यापैकी एकीला नागपूरला ट्रेनिंगला पाठवतो. मग मशीन तिच्याकडे." तुमच्यापैकी एकीला! नऊ वर्षं आणि तीन महिने त्यांनी एकाच वाक्यात बसवले. मी हसून मान हलवली.

मी तिला काही विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण विचारायचं कसं? मी टाइप करता करता कान तिकडे लावून बसे. माझ्या टेबलावरून दारातून मशीनची फक्त पाठ दिसे आणि वर तिचं कपाळ. ती कामाला बसली की मशीनशी बोलायची. फाइल काढायची असली की म्हणायची, "एरा, एक्कडुन्नावु?" मग टक टक टक, आणि लगेच खुश होऊन, "हां, आला." दिवसातून चार वेळा तरी मी हे ऐकलं असेल. एरा म्हटलं की फाइल येते.

एकदा ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी तिची वही उघडली. डाव्या बाजूला इंग्रजीत आज्ञा, एकाखाली एक. DIR, TYPE, PIP, ERA. आणि उजव्या बाजूला अर्थ, सगळे तेलुगूत! ती गोल गोल अक्षरं पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मराठी शाळेत शिकलेली मुलगी, अर्थ तेलुगूत का लिहील? मला कळू नये म्हणूनच. पण ERA मला सापडलं होतं. तोंडानं म्हणते तेच बोटांनी मारते, असा मी हिशेब लावला. पुसायला क्लासात आम्हाला DEL शिकवलं होतं, त्यामुळे दुसरी शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी ती आईला पत्र टाकायला पोस्टात गेली. डॉक्टर तीन वाजता येणार होते. मी ठरवलं, ते येतील तेव्हा यादी पडद्यावर उघडलेली असेल आणि खुर्चीत मी असेन. बाकी काही बोलायचंच नाही. चपला काढल्या, आत गेले, कव्हर काढलं, DIR मारलं. यादीच्या फाइलचं नाव SHIBIR होतं, ते दिसलं. मी मनातल्या मनात तिच्यासारखंच एरा म्हटलं आणि ERA SHIBIR असं लिहून बटण दाबलं.

मशीन जरा घरघरलं. प्रश्न नाही, काही नाही. पुन्हा तेच मोकळं A आणि त्यापुढची खूण. मला वाटलं, माझंच काही चुकलं, म्हणून पुन्हा तेच मारलं. या वेळी उत्तर आलं: NO FILE. मी DIR मारलं. SHIBIR नव्हतं. तीन वेळा मारलं. मग मी उठले, खुर्ची होती तशी सरकवली, कव्हर घातलं आणि माझ्या टेबलावर येऊन एक जुनं पत्र पुन्हा टाइप करायला लागले.

ती आली, कव्हर काढलं, घडी घातली. टक टक. "एरा, एक्कडुन्नावु?" टक टक टक. "एरा?" मग जरा मोठ्यानं, "एरा!" वही हातात घेऊन दारात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाई, यादी नाई दिसून राह्यली."

"दिसन नं, कुठी जाते?" मी म्हटलं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "काय वं, हे एरा म्हणजे काय?"

"ते? आमच्या इकडे पोराले हाक मारतेत तसं. अरे, कुठी हायेस, असं. माह्या धाकट्या भावाले मी तसंच बोलावतो. या मशीनलेबी." ती रडवेलं हसली. "आन् मशीनच्या भाषेत एरा म्हणजे पुसून टाकाचं. म्हून मले हसू ये, बाई. हाक मारतो तोच शब्द पुसाचा."

मी मशीनच्या पाठीकडे पाहत राहिले. मग उगाच, आवाज सरळ ठेवायला म्हणून विचारलं, "आन् वहीत तेलुगूत काऊन लिवतं?"

"आईसाठी. तिले मराठी वाचता नाई येत. पोरगी काय शिकून राह्यली ते पाहाचं असते तिले. घरी गेलो का वही मांडीवर घेऊन बसते." एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

डॉक्टरांनी यादी मागितली. मी टाइप करत होते. खरं सांगते, तेव्हा माझ्या यंत्रात कागदही नव्हता. ती म्हणाली, "सर, माझ्या हातून पुसली गेली." दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत करून ठेवायची तर मशीनचं ते दुसरं तोंड बंद. डॉक्टर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मंगळवारी म्हातारी माणसं रस्त्यावर येऊन बसतील." ते ओरडण्याहून वाईट होतं.

गावोगावहून आलेल्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या, हे नशीब. शनिवार संध्याकाळ आणि अख्खा रविवार तिनं नावं वाचली आणि मी माझ्या जुन्या टायपरायटरवर यादी केली. माझी बोटं त्या दिवशी कधी नव्हे इतकी धावली. सोमवारी सकाळी यादी डॉक्टरांच्या टेबलावर, एक खाडाखोड नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अनुभव तो अनुभव." मला आनंद झाला. लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण आधी आनंदच झाला. ती समोरच उभी होती, आवाज बसलेला.

शिबिर नीट पार पडलं. नागपूरला मी गेले. तिला मुलचेऱ्याकडच्या गावांत घरोघर फिरून नोंदी घ्यायच्या कामावर पाठवलं. दोन महिन्यांत ती तिथे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या बायांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागली म्हणे. मशीन माझ्या ताब्यात होतं, खुर्ची माझी होती, आणि तरी ते ऐकून माझं पोट दुखलं. हेवा असा असतो; त्याला जेवू घातलं की तो आणखी मागतो.

वहीची गोष्ट राहिली. जायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली होती. "बाई, तुमाले लागन," म्हणून वही ठेवली आणि पाया पडली. मी "नीट राह्यजो" एवढंच म्हटलं. वही उघडली ती संध्याकाळी, ऊर्जानगरच्या बसमध्ये. प्रत्येक तेलुगू ओळीखाली तिनं मराठीत अर्थ लिहिला होता, माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात. हेसुद्धा मी पाहिलं, तेव्हासुद्धा. DIR, यादी दाखवते. TYPE, आतलं वाचून दाखवते. PIP, प्रत करते, आधी कुठे ते लिहायचं, मग कुठून. खाली ERA. त्याच्यापुढे तिनं लिहिलं होतं:

"पुसते. बाई, यानं बोलावता येत नाई."

म्हणजे डॉक्टरांसमोर उभी राहून "माझ्या हातून" म्हणाली, तेव्हाच तिला माहीत होतं.