उपाशी पेशीची दारं

अक्का गेल्याचा फोन तिच्या सुनेनं, रेखानं केला, आणि रडू येण्याआधी माझ्या मनात पाल चुकचुकली... हिनं अक्काला उपाशी तर नाही ना ठेवलं? माझी ही थोरली बहीण वर्षभरात वाळून काटकी झाली होती. तिच्या सासरच्या, मेहकरच्या भावकीत कुजबुज होतीच, "सून नोकरीवाली, म्हातारीला वाढायलाय कोण?"

बसवकल्याणच्या कॉलेजात अक्कानं जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. माणसांपेक्षा तिचा जीव पेशींवर. "साखर मुबलक असली की पेशी आपली दारं आत वढून निवांत बसती बग," ती सांगायची. "साखर तुटली की तीच दारं अंगावर आणती, अन् मिळंल तो कण आत घेती." मी हसून सोडून द्यायचे.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी मी मुद्दाम न कळवता अक्काच्या घरी गेले. रेखा बाहेर कपडे वाळत घालत होती, तोवर स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. दाणे, गूळ, तूप, सगळं काठोकाठ. तरी मन मानेना. भरलेला डबा म्हणजे कुणी खाल्लंच नाही, असंही असतं. संशयाला काय, दोन्हीकडून फावतं.

"मावशी, डबे बघायलाव का?" रेखा दारात उभी होती.

"व्हय. अक्का वाळली कामून, ते सांग."

ती खालीच बसली. अक्काच्या पोटात गाठ होती... "कुणाला सांगू दिलं न्हाई. म्हणायच्या, समदे रडायला येतील अन् मला सुखानं जेवू देणार न्हाईत. मी घडीघडी वाढायचे, त्या खायच्या. म्हणायच्या, 'ह्या गाठीतल्या पेशी लई बेशिस्त हायत गं. अंग उपाशी असू दे न्हाईतर भरल्यालं, ह्यांची दारं मिटतच न्हाईत. तू वाढायलीस मला, पण खायल्यात ह्याच.'" मग हळूच म्हणाली, "भावकीचं बोलणं अत्यांच्या कानावर मी जाऊ दिलं न्हाई." सासूला ती अत्या म्हणायची.

मला अक्काचा राग आला, आणि रेखाकडं बघवेना. निघायला उठले तर ती म्हणाली, "जेवून जावा."

"जेवूनच आलेय की." आपल्याकडं असंच म्हणायची रीत. खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं.

रेखानं वाद घातला नाही. भाकरी, वरण माझ्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्या हाताकडं टक लावून बसली. मी विचारलं, "काय बघायलीस?"

"अत्यांनी शिकवलंय," ती म्हणाली. "तोंडावर इस्वास ठिवायचा न्हाई. हात कुठं जायलाय ते बगायचं."

माझा हात भाकरीवर गेला होता.