कपाळावरचा भंडारा

माझी बायको शेवटची काही वर्षं चर्चमध्ये प्रभुभोजनाला का येत नव्हती, याबद्दल आमच्या मंडळीत एकच गोष्ट सांगितली जाते: ती हिंदूंच्या नादी लागली आणि विश्वासात थंडावली. ही गोष्ट मी सुरू केली नाही. पण ती खोटी आहे हे माहीत असून मी ती चालू दिली.

बायको नर्स होती. आठवडाभर ड्यूटी, सुट्टी रविवारची. चिकलठाण्यात आमच्या गल्लीत मेंढपाळ घरातली एक बाई दूध घालायची. दोघींचं इतकं जमायचं, की दारातल्या गप्पांत आमचा चहा राहून जायचा. पुढं ती बाई करमाडला मुलाकडं राहायला गेली आणि तिथं तिच्या अंगावरून वारं गेलं. मुलगा-सून दोघं शेंद्र्याला कंपनीत, रविवारीही कामावर. मग बायको दर रविवारी पहाटेच्या एसटीनं जायची. तिला अंघोळ घालायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, भरवायची. उपासनेला पोचायला उशीर व्हायचा आणि लोक माझ्याकडं बघायचे, कारण मी मंडळीचा वडील, म्हणजे पंचांपैकी एक. प्रभूचा दिवस पाळायचा असतो, असं मी तिला एकदा सुनावलं.

ती म्हणाली, "मग तिला घाण सोमवारी करायला सांगू का?"

त्यानंतरच्या एका रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडं भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ट्रेमधून बाकाबाकावर फिरवतात. ते काम वडिलांचं. तिच्या रांगेला मीच होतो. ती नुकतीच येऊन बसली होती, डोक्यावर पदर आणि कपाळभर पिवळा भंडारा. खंडोबाचा. आमच्या बायका कुंकूसुद्धा लावत नाहीत. मी ट्रे तिच्यापुढून उचलला आणि शेजारच्या बाईपुढं धरला. मला असं करायला पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. तिनं हात पुढं केला होता. तो तिनं परत मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर मी विचारलं, आत येण्याआधी पुसता आलं नसतं का.

"तिचा धड हात तेवढा एकच," ती म्हणाली. "तो कसाबसा उचलून तिनं लावलं. म्हणली, दुसरं काय हाय माझ्याकडं तुला द्यायला. आणि ते मी एसटीत बसून पुसू?"

मी नियम समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि कांदा चिरायला बसली. त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी ती चर्चला आली नाही. करमाडला मात्र ती बाई वारेपर्यंत जात राहिली. मी बायकोला कधी 'प्रभुभोजनाला चल' म्हणालो नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, तिची मर्जी. पुढं बायको गेली. तिच्या दफनाच्या वेळी पाळकांनी तिच्या दुर्बळपणाची क्षमा मागितली. तिथंही मी आमेन म्हणालो.

यंदा मुलगी राहायला आली होती. मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "पप्पा, आई आपल्याला तिकडं भेटेल ना?"

तिला खरंच शंका होती. आईनं प्रभूला सोडलं, हे तीही इतकी वर्षं धरून बसली होती. तेव्हा मी सगळं सांगितलं. तिनं उरलेली जुडी निवडून संपवली, मगच बोलली.

"मला सांगून काय उपयोग? जिथं केलं तिथं सांगा."

पुढच्या रविवारी, सूचना वाचून झाल्यावर, मी उभा राहिलो आणि सांगितलं. माझ्या बरोबरीचा एक वडील म्हणाला, आता कशाला उकरता, वहिनी तर गेल्या. नवे पाळक माझ्यासाठी प्रार्थना करायला लागले. मी त्यांना थांबवलं. माझं नंतर बघू, आधी तिचं नाव घेऊन देवाचे उपकार माना, असं म्हणालो. त्यांनी नाव घेतलं.

पण ती जुनी गोष्ट ज्यांनी ऐकली, त्यांतले बरेच आता जालन्याला, पुण्याला, कुठं कुठं आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी बायको प्रभूच्या पंगतीतून उठून गेली नव्हती. तिला मी वाढलं नव्हतं.