मंगलताईंचा जपानी शुक्रवार

चार माणसं एका फ्लॅटवर जमायला लागली की किस्से बादलीतल्या कपड्यांसारखे साचत जातात. त्यात मी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, स्वभावाने संशयी. सतत मागे बघायची सवय ड्युटीवरच लागली.

इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी दुपारी जुने जपानी पिक्चर लागतात. अंगभर गोंदलेले गँगवाले, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारी किमोनोतली एक बाई. हा नाद इलेक्ट्रिशियन सुर्वेचा. आपल्याला जपानी कळतं, असं तो सांगायचा. मला खात्री नव्हती. एकदा सबटायटल बंद करून विचारलं, "आता काय म्हणाली?"

"तुला जिवंत सोडणार नाही म्हणाली."

सबटायटल लावून पाहिलं. बाई चहा घेणार का विचारत होती.

*

मग आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मंगलताई यायला लागल्या. चिपळूणकडच्या, अकरा वर्षं इथे. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, आणि बाई झोपत नाही म्हणजे काहीतरी आहेच. शिवाय मारामारी सुरू झाली की त्या सरळ उठून चहा टाकायला जायच्या. मारामारी नको, तर येतात कशाला?

मी सुर्वेला हळूच म्हटलं, "ताईंवर जरा लक्ष ठेव."

"त्या मला तुझ्यावर ठेव म्हणाल्या."

*

त्यांना एकच सीन हवा असायचा. ती बाई परक्या अड्ड्यावर जाते आणि कोणी काही विचारायच्या आत गाव, नाव, काम, सगळं खणखणीत सांगते. त्या लोकांत तशी रीतच असते म्हणे.

"मागे घे," ताई म्हणायच्या. एका दुपारी सहा वेळा मागे घेतला.

"ताई, पाठ करताय की काय?"

"तुला काय करायचंय?"

म्हणजे करत होत्या.

*

कारण नंतर कळलं. मुलीचं लग्न दोन आठवड्यांवर आलेलं, आणि रजेचा अर्ज महिनाभर कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर पडून. विचारलं की साहेब म्हणायचे, "इंशाल्ला, आंटी."

सोमवारी ताई माझ्याच बसने ऑफिसला निघाल्या. पिशवीतून पेपरात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी डोकावत होतं. पिक्चरमधली बाई सुरा असाच नेते.

"ताई, काय आहे त्यात?"

"दोडका."

मी बस बाजूला घेतली आणि पेपर सोडायला लावला. दोडकाच होता.

*

तरी ट्रिपशीटवर सही हवी असं सांगून मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. एरवी ताई दाराशी उभ्या राहायच्या. त्या दिवशी खुर्ची ओढून ताठ बसल्या. साहेबांनी फोन ठेवला. "बोलो आंटी."

ताई आमच्या हिंदीत बोलल्या, पण सावकाश, एकेक शब्द सुटा.

"मैं चिपलून तरफ की. नाम मंगल सखाराम पवार. अकरा साल से आपके आदमी लोग को खाना खिलाती. लडकी की शादी है. गुरुवार को जाती, वो बताने को आयी."

साहेब कागदांचा ढीग उपसायला लागले. एक अर्ज काढला, ठेवला. दुसरा काढला, तोही ठेवला. मला वाटलं, टाळतायत. शेवटी रजेचा कोरा फॉर्म पुढे ओढला, आधी खाली सही केली, आणि पेन वर नावाच्या रकान्यापाशी आणून थांबले.

"आंटी," आवाज एकदम खाली आला होता, "नाम फिरसे बोलो."

ताईंनी पुन्हा सांगितलं. गावापासून.