गुलाबाईच्या डब्यात काय होतं

१९८६ साल होतं आणि मला पंचेचाळिसावं लागलं होतं. त्या वर्षी पाऊस वेळेवर गेला. आमच्या फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यात पाऊस गेल्याची खूण एकच, सातपुडा जवळ येतो. चार महिने ढगात दडलेला डोंगर एका सकाळी असा धुऊनपुसून उभा राहतो की वाटतं, हात लांबवला तर बोटं लागतील. लोक दिवाळीची वाट बघतात. मी म्हणतो, दिवाळी तुम्ही घ्या, तिच्या आधीचा महिना मला द्या. वाटेवरचा चिखल वाळतो, कपाशीची पहिली बोंडं फुटतात, पहाटे गोधडी ओढावीशी वाटते आणि दुपारी सदरा काढून फेकावासा. त्या उन्हाला कोणी नावं ठेवली की मला राग येतो. त्याच उन्हानं ज्वारी भरते.

आणि संध्याकाळी गुलाबाई. भादव्याच्या पौर्णिमेला पोरी मातीची गुलाबाई आणि तिचा गुलोजी बसवतात, ते कोजागिरीपर्यंत. रोज दिवेलागणीला एकेका घरी जायचं, गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखायचा. घरची पोरगी झाकलेला डबा हलवून दाखवते. बाकीच्या विचारतात, गोड की तिखट, ओला की कोरडा. नाही ओळखता आला तर सगळ्यांनी हात जोडून 'हरलो' म्हणायचं. त्या एका शब्दासाठी पोरी जीव टाकतात.

माझी धाकटी तेव्हा दहा वर्षांची. एका संध्याकाळी ती दुसऱ्याच्या घरून आली ती तोंड पाडूनच. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या आपली पाळी शे, आबा. मी नाही जात त्याइच्यात. समद्या म्हनता, तुह्याकडचा डबा हालवू बी नको, फुटाणेच आसतीन."

खरंच होतं ते. तिच्या मायला फुटाण्यापलीकडे काही सुचत नसे.

हे समोरच्या ओट्यावर बसलेल्या नानानं ऐकलं. नानाची नात म्हणजे गल्लीतली सगळ्यात पटाईत ओळखणारी. नुसता वास घेऊन तिनं एका घरचा सुधारस ओळखला होता, डबा उचलायच्या आधी.

"काऊन रडवतो पोरीले?" नाना म्हणाला. "मांग दोन फुटाणे आमच्याकडून."

माझं डोकं फिरलं. मी तिथंच गल्लीत उभा राहून म्हणालो, "नाना, उद्या तुह्या नातीनं माह्या घरचा खाऊ वळखला तर मी टिपऱ्या घेऊन पोरीत नाचीन."

"लुगडं नेसून?"

"लुगडं नेसून."

बोलून गेलो. आता पोरीनं डोळे पुसले होते आणि माझ्याकडे असं बघत होती की डबा आत्ताच माझ्या खिशात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सावद्याला गेलो. बाजारात शेटजीच्या दुकानासमोर उभा राहिलो. शेव, बर्फी, बालुशाही, सोनपापडी. जे दिसे ते नानाच्या नातीनं कुठे ना कुठे खाल्लेलं असणार. शेटजी म्हणाले, "क्या दूं, भाऊ?" मी म्हणालो, काही नाही. त्यात नानाच्या घरचीच बाई तिथे गूळ घेत होती, आणि माझ्या पिशवीवर तिची नजर. रिकामी पिशवी झटकून दाखवली आणि निघालो.

गाव येईपर्यंत लुगड्याचा रंग डोळ्यांसमोर येऊ लागला.

घरी न जाता शेतात शिरलो. आमच्या केळीची कापणी चारच दिवसांपूर्वी झाली होती. विहिरीच्या मागे, बांधाच्या कोपऱ्यात, एक घड कापणाऱ्यांच्या नजरेतून सुटला होता. झाडावरच पिकलेला. साली तडकलेल्या, एक-दोन केळी पाखरांनी टोचलेली, आणि घमघमाट. मी एक सोलून तोंडात टाकलं आणि तिथेच थांबलो.

आमच्याकडे केळं हिरवं कापतात. ट्रकमध्ये, वॅगनमध्ये भरून ते दिल्लीकडे जातं आणि तिकडे पिकतं. आम्ही खातो ते मागे राहिलेलं, फणीतून गळालेलं, घरात भुशात पिकवलेलं. उपासाला खातो, गुरांना घालतो. पण पाहुण्यापुढे केळं ठेवलं तर पाहुणा उठून जाईल. गुलाबाईला केळं? कोणाच्या डोक्यातच येणार नाही ते.

घड खांद्यावर घेऊन घरी आलो तर आमची मंडळी, धाकटीची माय, कपाळाला हात लावून बसली.

"केयं? गुलाबाईले? गावात तोंड दाखवू देसान का नाही?"

"डबा आन."

"लोक हासतीन."

"लुगड्यात नाचलो तर जास्त हासतीन. डबा आन."

पितळी डबा घासला, केळी धुऊन ओल्या फडक्यात गच्च बसवली म्हणजे आवाज नको, आणि झाकण लावलं.

दिवे लागले. पोरी आल्या, मागून अर्धी गल्ली आली. नाना तर आपली खाट घेऊन आमच्या दारात. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. धाकटीनं डबा हलवला. काहीच वाजलं नाही.

"गोड का तिखट?"

"गोड!"

"वला का कोरडा?"

"वला!"

बर्फी. नाही. पेढा. नाही. जिलबी, गुलाबजाम, शिरा, भोपळ्याची खीर. नाही, नाही, नाही. धाकटीचा आवाज चढत चालला. नानाच्या नातीनं सगळ्यांना मागे सारलं, डब्याला नाक लावलं आणि डोळे मिटले. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "केयाचे वेफर!"

मी दाराची चौकट धरली.

"वेफर वले आस्ता का?" धाकटी ओरडली आणि सगळी गल्ली हसली.

त्या पोरीनं पुन्हा वास घेतला. वास तर होताच, पण आमच्या गावात तो वास कुठल्या घरात नसतो? भिंतीलाही येतो, गोधडीलाही येतो. ती वासाच्या आरपार काहीतरी वेगळं शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. शेवटी तिनं हात जोडले. "हरलो."

धाकटीनं झाकण उघडलं.

सगळ्यांनी डब्यात डोकावलं. मग नाना खाटेवरून, "केयं! आरे, ह्यानं केयं ठिवलं!" आणि हसण्याचा असा लोंढा उठला की मंडळी पदर तोंडाला लावून आत गेली. धाकटीचा चेहरा उतरला. जिंकून हरल्यासारखी उभी राहिली पोर. तेव्हा मला लुगडं परवडलं असतं.

नानाच्या नातीनं एक केळं उचललं, सोललं, चावलं. चावायची थांबली.

"हे कुठलं शे?" तिनं विचारलं.

"आपलंच," मी म्हणालो. "झाडावरच पिकेल शे."

"आपलं आसं लागतं?"

तिनं दुसरं उचललं. मग जो हातांचा गराडा पडला, त्यात डबा कुठे गेला ते कळलं नाही. धाकटी ओरडत होती, "रांगेत! रांगेत, नाही तर देनार नाही!" मंडळी उरलेल्या फण्या आतून घेऊन आली, आता पदर कमरेला खोचून. नानाच्या हातातही एक होतं. मी म्हणालो, "कसं काय, नाना?" त्याचं तोंड भरलेलं होतं. त्यानं हातानंच 'थांब' केलं आणि दुसरा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच धाकटीची जुनी लाल रिबीन मागून घेतली. शेताला मागच्या दारातून जवळची वाट असताना नानाच्या ओट्यासमोरून गेलो, रिबीन हातात धरून. पुढच्या कापणीच्या केळीतला सगळ्यात भरलेला घड हेरला, त्याच्या दांड्याला ती गाठ मारून बांधली, आणि कापणाऱ्यांच्या मुकादमाला जाऊन सांगितलं, लाल रिबिनीच्या घडाला कोयता लावायचा नाही, तो दिल्लीला जाणार नाही.