गाण्याला फिरवून आणणाऱ्या अक्का

गाणं सुरू करण्याआधी अक्का गिटारच्या पोटावर बोटांच्या पेरांनी टकटक करायच्या, शेजारच्यांचं दार वाजवावं तशी. मग माइकजवळ तोंड नेऊन म्हणायच्या, "चला, गाण्याला जरा फिरवून आणू."

आणि गाणं खरंच फिरायला निघायचं. सिनेमातलंच गाणं, तुमच्या-आमच्या पाठ असलेलं. पण अक्का ते ओळखीच्या रस्त्याने नेत नसत. ठेक्याच्या थोडं मागे रेंगाळायच्या, मधल्या ओळी पुढे घ्यायच्या, लग्नातल्या नाचाचं गाणं इतकं सावकाश म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर रडायचं गाणं होतं. मध्येच शब्द सोडून नुसतं "दू-बा-दी, दा-बा" सुरू व्हायचं आणि गिटार त्याच्या मागे धावायची. याला जॅझ म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

माझा साउंडचा धंदा. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी त्या गायच्या आणि त्यांच्या माइकचं, स्पीकरचं काम माझ्याकडे होतं. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. "ओ सौंड, जरा घुमतंय बघ," एवढीच आमची ओळख. ती बरीच वर्षं टिकली.

त्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या घरातल्या. तरुणपणी गोव्यातल्या हॉटेलांत बँडबरोबर गायल्या, लग्न केलं नाही, वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सोलापूरला परत आल्या आणि इथल्याच झाल्या. धाकट्या भावाचा टॉवेलचा कारखाना होता. वर राहायला, खाली माग. तो त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायला लागले.

एकदा एक पेन्शनर गृहस्थ जेवता जेवता रागावून उठले. "बाई, मूळ चाल कधी म्हणणार?"

अक्का हसल्या. "मूळ चाल तुमच्या डोक्यात हाय की काका. मीबी तीच म्हटल्यावर दोघं मिळून काय करायचं?"

ते गृहस्थ पुढच्या शनिवारी बायकोला घेऊन आले.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा धीटपणा आपण गृहीत धरलेला असतो. मला अक्कांच्या बाबतीत तसंच वाटायचं. म्हणून त्या शनिवारी जे झालं, ते मला लगेच समजलं नाही.

वाट बघण्याचं एक जुनं गाणं चाललं होतं. अक्कांनी अंतरा म्हटला. पुन्हा तोच म्हटला. लोकांना वाटलं, खेळवताहेत. पुन्हा तोच. टाळ्या पडल्या. पण माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. ठेका धरणारा त्यांचा डावा पाय थांबला होता. त्यांनी मान वर करून मला शोधलं. ती नजर मी त्याआधी एकदाच पाहिली होती, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराची. मग "दू-बा-दी" करत त्यांनी गाणं कसंबसं काठाला लावलं.

मध्यंतरात त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सौंड, आता मी काय म्हटलं?"

"कडक म्हटलं की अक्का."

"तसं न्हवं रे." त्यांनी आवाज खाली आणला. "कुठलं गाणं म्हटलं?"

मी नाव सांगितलं. मान हलवून त्या पाणी प्यायल्या आणि पुढच्या गाण्याला गेल्या.

त्यानंतर मला त्यांचं गाणं निवांत ऐकता आलं नाही. एक ओळ संपली की पुढची येईल का, या धास्तीने मी बसायचो. पूर्वी त्या मजेने शब्द सोडायच्या. आता शब्दच त्यांना सोडून जात होते आणि त्या अंधारात भिंत चाचपावी तशा सुरांनी चाचपत होत्या. आणि लोकांना ते जास्त आवडत होतं! हॉटेलचा मॅनेजर मला म्हणाला, "अक्का आता खऱ्या खुलल्या बघा. दर वेळी नवीनच." मला त्याच्या आनंदाचीच भीती वाटली. दुसरा एखादा गायक असता तर पहिल्या चुकीलाच उघडा पडला असता. अक्का कधीच कुठलं गाणं तसंच्या तसं म्हणत नव्हत्या, मग त्या चुकल्या हे ओळखणार कोण? भर हॉटेलात एक बाई बुडत होती आणि लोक वन्स मोअर देत होते.

एका दुपारी त्या माझ्या गोडाऊनवर आल्या. स्पीकरच्या खोक्यावर बसल्या.

"मला दवाखान्यात ने. कारखान्यापायी भाऊ आधीच टेन्शनमध्ये हाय. काय ते कळल्यावर मीच सांगते त्याला."

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले, मग इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या आणि ते शब्द विचारले. "आंबा," अक्का म्हणाल्या, "आणि त्याच्या मागनं येणारे दोघं."

डॉक्टर हसले. मग त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अक्कांनी गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. त्यानंतर डॉक्टर हसले नाहीत. आणखी तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार होता. वयाच्या मानाने लवकर आला होता. गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, परत फिरणार नाही.

परतताना सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा अक्का म्हणाल्या, "आधी शब्द जाणार की चाल?"

मी सिग्नलच्या लाल दिव्याकडे बघू लागलो.

"बोल की. तुझा ऐकायचा धंदा हाय ना?"

"मला न्हाय माहीत अक्का."

"मलाबी न्हाय," त्या म्हणाल्या आणि गिटारची तार दाबावी तशी रिक्षाची दांडी घट्ट धरून बसल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी भावाला सांगितलं. त्याने खालचे माग बंद करायला लावले आणि तो बहिणीसमोर लहान मुलासारखा रडला, असं त्यानेच मला पुढे सांगितलं.

मग तो शनिवार आला. अक्का गिटार घेऊन दुपारीच घरातून निघाल्या. मी त्यांना न्यायला गेलो तर भाऊ म्हणाला, "तुमच्याकडंच आलीय की!" दोघांचेही चेहरे उतरले. अक्कांचा फोन घरातच चार्जिंगला होता. आम्ही त्यांच्या नेहमीच्या रस्त्याने गेलो, हॉटेलात पाहिलं, स्टँडवर पाहिलं. भावाने एकदम कंबर तलावाकडे गाडी वळवली. का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काठावर कमळं बघायला आलेली माणसं होती, भेळेची गाडी होती. आम्ही दोघे मात्र नुसते पाण्याकडे बघत चाललो होतो. वाऱ्याने हललेलं प्रत्येक पान मला पदरासारखं दिसत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी माणूस.

"सौंड सर्विस का? हितं कुर्डुवाडीला ठेसनावर माज्या चहाच्या गाड्यापाशी एक बाई हायत, गिटारवाल्या. पेटीवर तुमचा नंबर चिकटवलाय म्हणून लावला. गाणं लई ग्वाड म्हणत्यात. पर कुटं जायचं म्हणून इचारलं की रडत्यात."

"त्यांना सोडू नका! आम्ही येतोय," मी ओरडलोच.

"न्हाय सोडत की. माजी मालकीण बसलीया त्यांच्यासंगं. तुमी सावकाश या."

आम्ही सावकाश गेलो नाही. मोडनिंबला एका ट्रकखाली जाता जाता वाचलो. अक्का फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या, गिटारची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून. शेजारी चहावाल्याची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला पाहताच त्या उठल्या.

"सौंड! मशीन लावलं न्हाय अजून? लोक आलेत बघ."

फलाटावर पंढरपूरच्या गाडीची गर्दी होती. भाऊ पुढे झाला आणि तेलुगूत काहीतरी हळू बोलला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रुळांकडे. हळूहळू त्यांना सगळं कळलं. ते कळताना त्यांचा चेहरा मी पाहिला. कधी कधी वाटतं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"मला भीती वाटती," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

हॉटेलचं गाणं बंद करायचं ठरलं. पण अक्का म्हणाल्या, "एक कार्यक्रम करते. मला म्हाईत असताना थांबायचंय." आम्ही युक्ती काढली. त्यांच्या कानात छोटा इअरफोन बसवायचा आणि मी टेबलावरून पुढच्या ओळीचे शब्द हळूच सांगायचे. घरी सराव झाला तेव्हा जमलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉटेलचा हॉल भरला होता. ते रागावलेले पेन्शनरही आले होते. मी शब्दांचा कागद समोर धरून बसलो होतो. पहिली गाणी पार पडली. मी शब्द सांगायचो, त्या ते थोडे मागे ठेवून, वळवून म्हणायच्या. शेवटच्या गाण्यात अंतऱ्यापाशी मी शब्द सांगितला. त्या गप्प. मी पुन्हा सांगितला. अक्कांनी कानाला हात लावला, इअरफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

आता त्यांच्यापर्यंत पोचायचा माझ्याकडे काही मार्गच नव्हता.

त्या डोळे मिटून शब्दांशिवाय गायला लागल्या. दू-बा नाही, काही नाही, नुसता 'आ'कार. चाल कुठे कुठे गेली; मूळ गाणं कुठेतरी मागे राहिलं. मधे एकदा गिटारही थांबली आणि नुसता श्वास ऐकू आला. मग पुन्हा सूर लागला. संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी टेबलाशी बसूनच होतो.

आता अक्का गात नाहीत. गिटार भावाने कपाटात ठेवली, ती दिसली की त्या "ही कुणाची? घेऊन जा म्हणावं," असं म्हणून अस्वस्थ व्हायच्या. मी अधूनमधून जातो. मला त्या ओळखत नाहीत, पण "या, बसा," असं अगत्याने म्हणतात.

गेल्या खेपेला भाऊ म्हणाला, शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असेल तर ऐकवू या का. माझ्या मशीनवर झालेलं होतं. मी मोबाइलवर शेवटचं गाणं लावलं. खाली माग चालू होते, म्हणून फोन त्यांच्या कानाजवळ धरला.

अक्का नीट लक्ष देऊन ऐकत होत्या. गिटार थांबते त्या जागेवर त्यांनी माझं मनगट धरलं.

"कोण बाई हाय ही?"

मी भावाकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

"हाय एक," मी म्हणालो. "चांगलं गाते का?"

"गाती की. पण भ्यालीय." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "श्वास ऐक. तिच्याजवळ कुणी हाय का?"

"हाय, अक्का," मी म्हणालो. "बसलाय एक जण."

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"मग गाऊ दे तिला."