पाइपलाइनवरची कू

तर चांगुणा पडली पाइपाच्या अंगाला आणि सायकल गेली खालच्या चरीत, इथवर आपण काल आलो होतो. पुढचं ऐका. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचे दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर ते विचारत बसतील, कोण ही चांगुणा आणि कसला पाइप.

चांगुणा म्हणजे बदलापूरकडच्या खरवईच्या हरिचंद्राची सून. हरिचंद्र जुना आगरी शेतकरी, भाताची जमीन थोडी आणि आवाज मोठा. मुलगा जनू शहाडच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर जायचा, त्याच्या घरी यायच्या वेळा त्याच्या बायकोलाही पाठ होत नसत. आणि चांगुणा अंबरनाथ एमआयडीसीत, गोळ्यांची पाकिटं भरण्याच्या कारखान्यात. साल शहाऐंशी-सत्याऐंशी असेल. सकाळच्या पाळीला पोचायचं तर खरवईतून त्या वेळी ना एसटी, ना रिक्षा. मग एकच वाट उरायची, पाइपलाइनची. धरणाचं पाणी कारखान्यांकडे नेणारा तो लोखंडी पाइप, माणूस आतून वाकून चालत जाईल एवढा जाड, आणि त्याच्या कडेकडेनं एक कच्ची पायवाट. दोन्ही बाजूंनी करवंदाच्या जाळ्या आणि घाणेरी. पुढचा माणूस वळणाआड गेला की गेलाच.

सायकल चांगुणा शिकली ती कापणी झाल्यावर मोकळ्या शेतात. ढेकळांवर शिकलेला माणूस डांबरावर पडत नाही म्हणतात, ते तिला बघून पटायचं. जनूनं उल्हासनगरच्या कॅम्पातून जुनी लेडीज सायकल आणली. दुकानदार सिंधी, मोठा प्रेमळ माणूस. चांगुणाला बघून म्हणाला, "बहनजी, साडी में चलाओगी ना? फिर ये पूरा चेनकवर लगवाओ, मेरी सुनो." तिनं ऐकलं. पदर कधी साखळीत गेला नाही. पण वाटेतल्या दोरीला चेनकवर काय करणार?

कारण झालं असं, की पाइपाच्या टेकूला सुंभाची दोरी बांधून, दुसरं टोक धरून दोघंजण जाळीत बसले होते. सायकल आली तशी त्यांनी दोरी ताणली. चांगुणा आपटली. एकाचा हात तिच्या गळ्यातल्या गंठणापर्यंत पोचला होता, तेवढ्यात मागून सायकलवर काशी आली. काशी म्हणजे तिच्याच खात्यातली, वरच्या आळीतली. हातात घंटी आणि तोंडात शिव्या, दोन्ही एकदम सुरू. ते दोघं पळाले. चांगुणानं सायकल चरीतून ओढून काढली, हँडल दोन पायांत धरून सरळ केलं आणि गेली कामाला. पाळी पूर्ण केली. घरी आल्यावर अवाक्षर काढलं नाही. पण संध्याकाळी भाकरी थापताना सासूला, सखूबाईला, तिचं सोललेलं कोपर दिसलं.

"ह्यो काय झाला गो?"

मग सगळं निघालं.

हरिचंद्रानं ओटीवरूनच निकाल दिला. "उद्यापासून सायकल बंद."

चांगुणा चुलीपासून उठली नाही, पण बोलली. "मामंजी, सायकल बंद म्हणजे नोकरी बंद. दिवाळीला मला कायम करणार हायेत. मधे खाडे पडले तर पुन्हा पहिल्यापासून."

आता हरिचंद्र काही वाईट माणूस नव्हता. सुनेचा कारखान्याचा निळा कोट दोरीवर वाळत असला की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसावा म्हणून हाच तो पुढच्या दोरीवर टाकायचा. पण भीती वाटली की तिचा हुकूम करून टाकायचा, ही त्याची खोड. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यानं हुकूम जरा सैल केला. "जा. पण मी संगती येनार. आवणाची कामं निघंपर्यंत. मग मला शेतात जावं लागंल, तेव्हा सायकल भिंतीला."

म्हणजे चांगुणाला मिळाला उन्हाळा. पाऊस लागून भाताची लावणी आली की हरिचंद्र शेतात, सायकल खुंटीवर आणि दिवाळीची कायम नोकरी पाण्यात.

ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिचं माहेर मलंगगडाच्या पायथ्याचं. तिथल्या बायका लाकडाला रानात जातात तेव्हा एकमेकींना दिसत नाहीत, पण ऐकू येतात. एकीनं 'कूऽऽ' करायची, बाकीच्यांनी आपापली कू द्यायची. एकीची कू आली नाही, तर बाकीच्यांनी मोळ्या टाकायच्या आणि सगळ्यांनी मिळून मागं फिरायचं. एकटीनं बघायला जायचं नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. चांगुणानं काशीला सांगितलं, काशीनं बौद्धवाड्यातल्या द्रौपदीला, द्रौपदीनं बाकीच्यांना. पाइपलाइननं जाणाऱ्या आठ सायकली झाल्या. वाट अरुंद, एकामागं एकच जाता येई, अंतर पडणारच. म्हणून ठरलं: पहिल्या वळणावर कू, ओढ्याच्या मोरीवर कू, पंपघरापाशी कू. सगळ्यात पुढं चांगुणा, सगळ्यात मागं हरिचंद्र, आपल्या काळ्या जड सायकलवर, हातात काठी आडवी धरून.

पहिल्याच दिवशी मोरीवर घोटाळा झाला. चांगुणाची कू गेली, सात कू परत आल्या, आठवी नाही. आठहीजणी सायकली वळवून धापा टाकत मागं आल्या. तर हरिचंद्र पाइपावर आरामात बसलेला, विडी पेटवत.

"काय झालं? परत का आलात?" त्यानंच विचारलं.

"काका, तुमची कू कुठंय?" द्रौपदी म्हणाली.

"मी? मी कू करू? मी काय कोल्हा हाय?"

"कोल्हा कशाला? कोकिळातला नरच ओरडतो काका, मादी गप असते. माहीत नाय?"

बायका हसल्या. हरिचंद्र नाही हसला. दुसऱ्या दिवशीही तो गप्प, दुसऱ्या दिवशीही आठजणी मागं, आणि दोन्ही दिवस कारखान्याच्या फाटकावर उशिराची बोलणी. सुनेनं सासऱ्याला काय म्हणायचं? तिनं संध्याकाळी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, "मामंजी, कू नका करू. घंटी वाजवा. तीनदा. पण कायतरी वाजवा, नायतर आम्हाला फिरावंच लागतं. नेम म्हणजे नेम."

"एवढा नेम माझ्यासाठी कशाला? मी राखण करतो तुमची!"

"राखण करणारा पण वाटेतच असतो ना मामंजी?"

तेवढ्यावर तो कबूल झाला. तेव्हापासून सात कू आणि तीनदा घंटी. चांगलं जमलं. चैत्र गेला. करवंदं पिकली, तेव्हा बायका परतीच्या वाटेवर ओंजळी भरून घेत आणि न्यायला आलेल्या हरिचंद्राच्या टोपीत टाकत. तो रागावायचा आणि खायचा. सखूबाईला घरी सांगायचा, "पोरी बऱ्या हायत. आरडतात तेवढ्या."

आणि मग ती सकाळ आली. मोरीच्या अलीकडं हरिचंद्राची सायकल जरा मागं राहिली होती, चढावर त्याचा गुडघा बोलायचा. जाळीतून दोघं निघाले. तोंडाला फडकी. एकानं मागून कॅरियर धरला, दुसऱ्यानं हँडल धरलं, आणि हँडल धरताना त्याचा पंजा बरोब्बर घंटीवर. काठी कधी पडली हेसुद्धा हरिचंद्राला कळलं नाही.

"बाबा, घड्याळ काढ. गप काढ."

घड्याळ जनूनं पहिल्या बोनसमधून घेतलेलं. हरिचंद्र काढीना. आणि नेमकी त्याच वेळी पुढून चांगुणाची कू आली. मग काशीची. मग द्रौपदीची, तिची सगळ्यात लांब. एकेक करून सगळ्या झाल्या. मग त्याच्या घंटीची वेळ आली. गेली. सगळीकडं शांत.

हरिचंद्र नंतर सांगायचा, की त्याच्या सगळ्या आयुष्यात एवढं शांत कधी झालं नव्हतं. ओरडायचं सोडून त्यानं दुसरा हात घड्याळावर दाबून धरला. मनात एकच: ह्या पोरी पुढं निघून गेल्या असतील तर? दोनदा उशिराची बोलणी खाल्लेल्या पोरी. म्हातारा बसला असेल विडी ओढत, असं म्हणाल्या असतील तर? म्हणाल्या असत्या तर चूक त्यांची नव्हती.

आणि मग परत कू आली. जवळून. पाइपाच्या उजव्या अंगानं एक, डाव्या अंगानं एक. मग आणखी. लोखंडी पाइपावर तो आवाज असा घुमायचा की एकीच्या तिघी वाटाव्यात. घाणेरीच्या आडून, चढावरून, वळणापलीकडून, रान जिकडंतिकडं ओरडायला लागलं.

"किती बायका हायत रं?" फडकीतला एकजण दुसऱ्याला विचारायला लागला.

"सगळं गाव हाय," हरिचंद्र म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजानं त्याला जो धीर आला, त्या धिरात त्यानं मान वर केली आणि काढली कू. कसली कू! फाटकी, कापरी, मधेच खोकला. पण निघाली. घड्याळ सोडून दोघं जाळीत घुसले, एकाची चप्पल तिथंच राहिली.

आठहीजणी एकदमच पोचल्या, कुणी एकटी पुढं धावली नव्हती. द्रौपदी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ऐकलंत गो? नर ओरडला!"

त्या वेळी मात्र हरिचंद्र हसला, डोळे पुसत हसला. चांगुणानं आधी सगळ्याजणी नावानं मोजल्या, मग सासऱ्याकडं वळली. "लागलं नाय ना मामंजी? मग चला, पाळी चुकंल."

त्या दिवशी फाटकावर बोलणी खायची वेळ आली तेव्हा हरिचंद्रच पुढं झाला. रखवालदाराला त्यानं सगळी हकीकत इतक्या खुलवून सांगितली, की रखवालदारानं बायकांना आत सोडून पुढची हकीकत ऐकायला त्याला बाकावर बसवून घेतलं. चोर दोनाचे चार झाले, मग सहा. बायका मात्र आठच्या आठ राहिल्या, त्यांत त्यानं भर घातली नाही. भर घालायची गरजच नव्हती.

पाऊस आला. आवणाची कामं निघाली. सखूबाईनं सकाळी विचारलं, "आता सायकल भिंतीला ना? संगती कोन जानार तिच्या?"

हरिचंद्र अंगणात सुनेच्या सायकलच्या चाकात हवा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "तिच्या संगती सातजणी हायत. शेतावर मी एकटा जातो, माझ्या संगती कोन येतंय ते बग."

दिवाळीला चांगुणा कायम झाली. पेढे हरिचंद्रानं वाटले, खरवईत आणि बौद्धवाड्यात, आणि पंपघराच्या वॉचमनलाही. पुढच्या वर्षांत पाइपलाइनवरच्या सायकली वाढत गेल्या. बारावीच्या पोरी आल्या, पलीकडच्या पाड्यांतल्या बायका आल्या. नवी आली की चांगुणा तिला आधी कू शिकवायची, वेगाचं नंतर. सकाळी त्या बाजूला शेतात असलेली माणसं कू मोजून सांगायची, आज एक कमी आहे, कुणीतरी आजारी दिसतंय. आणि त्या वाटेवर पुन्हा कुणाच्या गळ्याला हात लागला नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवला शाळेच्या पटांगणात मंडळानं बायकांचा सत्कार ठेवला. तालुक्याहून एक साहेब आलेले. हरिचंद्र पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत, "ती नारळ घेतलेली ना, ती माझी सून." शेजारी त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याला माहीत नसेल होय?

साहेबांनी कौतुक केलं, मग माइकवरूनच चांगुणाला विचारलं, "पण बाई, एवढ्या आडवाटेनं एवढ्या बायका जाता, सोबतीला एखादा पुरुष कसा नाही घेतला कधी?"

चांगुणानं पदर सावरला, पहिल्या रांगेकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "घेतला होता की साहेब, आमचे मामंजीच होते. पण त्यांच्यासाठी आम्हाला सारखं मागं फिरावं लागायचं, मग त्यांना घरी ठेवलं."