मावशीने ओतलेला लाल रंग

माझ्या मावशीला कामावरून काढलं, आणि कारण काय दिलं? तर म्हणे तिने पाणी घाण केलं! ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

मावशी कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रावर होती. राग कायम नाकावर, पण काम चोख. टाकीत रंगाचं पाणी यायचं, त्यात ती खालून ओझोन वायूचे बुडबुडे सोडायची. ओझोन रंगाची मोडतोड करतो. लालभडक पाणी बघता बघता फिकं पडतं. पण मोडलेल्या रंगाचे विषारी तुकडे पाण्यातच राहतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचाही निकाल लावायचा तर टाकीत उत्प्रेरकाचे काळे खडे लागतात, त्यांच्यामुळे ओझोनला जोर चढतो. हे खडे निकामी झाले तेव्हा मावशीने मॅनेजरकडे नवे मागितले.

"बाई, रंग गेला ना?" तो म्हणाला. "मग झालं तर! लोक खूश आहेत."

लोक खूश होतेच, त्यात माझी आई पहिली. कारखान्याचं पाणी ज्या नाल्यात पडतं, तो आमच्या घरामागून जातो. इतकी वर्षं त्या लाल पाण्याला नाक मुरडणारी आई यंत्र बसल्यावर त्याच्यावर पालक पिकवू लागली. वर सगळ्यांना सांगायची, "माझ्या बहिणीच्या हातचं पाणी आहे!"

"ताई, डोळे आहेत की बटणं?" मावशी ओरडायची. "अगं, दिसतं तसं नसतं!"

"तुझं आपलं काहीतरीच. आरशासारखं तर आहे."

मावशीने काठावर पाटी लावली, 'हे पाणी वापरू नये'. आईने तिच्यावर फडकी वाळत घातली.

एका सकाळी मावशी कामावर जाताना आमच्याकडे डोकावली. आई नाल्यात पालक धूत होती आणि शेजारी बसून माझी मुलगी पानं चघळत होती. मावशीने तिच्या तोंडात बोट घालून पान काढलं आणि तडक कारखान्याकडे निघाली.

कारखान्यात जाऊन तिने लाल रंगाची बादली उचलली आणि सगळ्यांच्या देखत, पाणी नाल्यात पडतं तिथे उपडी केली.

"वेड लागलंय का, बाई?" मॅनेजर धावत आला.

"हा रंगही मेला विषच आहे, साहेब. पण हा निदान तोंड दाखवून येतो!"

त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. खडे न बदलणारा मॅनेजर अजून खुर्चीत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

लाल नाला बघून आईने आधी बहिणीला शिव्या घातल्या, मग तिने बादली का उपडी केली ते कळल्यावर पालक मुळासकट उपटला, पाटीवरची फडकी काढली.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ. शेजारीण बादली घेऊन आली, तशी आई आडवी गेली. "नेऊ नकोस गं, त्यात विष आहे!"

शेजारीण हसली. "काहीतरीच काय! आता तुमची बहीण गेली ना तिथून. म्हणून तर स्वच्छ झालंय."

आणि तिने बादली बुडवली.